एक पाणी बाकी

"दार उघड, खोलाबी! असरची, दुपारच्या नमाजाची बांग व्हायला आली!" बाहेरून म्बारक थापा मारत होता.

"उघडत नाही जा! एक पाणी बाकी आहे अजून!"

धडधडीत खोटं. झुवेनाला फळीवर आंघोळ घालून, कफन नेसवून केव्हाच झालं होतं. नुसतं तोंड उघडं ठेवलं होतं. मोंबासाच्या या मोहल्ल्यात बायांना शेवटची आंघोळ मीच घालते. कानावर तळहात धरायचा, आत पाणी जाऊ द्यायचं नाही. मेलेल्या बाईलाही दुखतं असं समजून हात चालवायचा, हे मला आईने शिकवलं. कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं कधी. आज जिवाभावाच्या मैत्रिणीलाच ठेवलं.

काय करणार? तिची एकुलती एक पोर, थुरैया, डाकारहून निघाली होती. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. जनाजा एकदा उंबऱ्याबाहेर पडला, की पोरीला आईचं तोंड दिसणार नव्हतं.

"काल संध्याकाळी निघाली ना ती?" म्बारकचा आवाज चढला. "मोबाइलवर बघितलंय मी. साडेसहा हजार किलोमीटर, आठ तास! सकाळीच यायला पाहिजे होती. यायचंच नसेल बाईसाहेबांना!"

"जीभ आवर! ते आठ तास सरळ उडणाऱ्या कावळ्याचे. सरळ विमान आहे कुठं? अदिस अबाबाला उतरायचं, तिथं ताटकळायचं, मग दुसरं धरायचं. तुलाच फोन केला होता ना तिथून?"

तेवढ्यात छपरावरून विमान गेलं. पत्रे थरथरले.

"ऐकलंस? आली माझी बाय!"

"विमान आलं, ती नाही. मध्ये पूल आहे, ट्रकांची रांग आहे." म्बारकचा आवाज एकदम खाली आला. "खोलाबी, आत आहे ती बहीण आहे माझी. या उकाड्यात कशाला तिचे हाल करतेस?"

बांग झाली. मी झुवेनाकडे बघितलं. खरंच हाल होत होते तिचे. तिचं तोंड झाकलं आणि कडी काढली. पुरुषांनी तिला उचलून नेलं. त्यांचा कलमा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

जरा वेळाने थुरैया धावत आली. चप्पल एकाच पायात. बॅग टाकून तिने रिकाम्या फळीकडे बघितलं.

"खाला, टॅक्सी पुलावरून हलेचना गं! शेवटी उतरून पळत आले."

मला रडू फुटलं. शेवटच्या, कापराच्या पाण्याचा एक तांब्या मी आधीच बाजूला झाकून ठेवला होता, तो तिच्या हातात दिला. तिला काही सांगावं लागलं नाही. ती फळीच्या उशाशी बसली आणि धार धरली.

"हळू, बाळा," मी म्हटलं, आणि जिथे झुवेनाचा कान असता तिथे तळहात धरला.