पाणी प्यायचं विसरलेली चकती

माझं वय साडेतीन वर्षं आहे, मित्रांनो. माणसांत हे बालपण. तळव्यात मावणाऱ्या कापडी चकतीसाठी मात्र हे म्हातारपणच. चेहऱ्यावरचा मेकअप पुसणं हे माझं काम. पुसायचं, धुवून घ्यायचं, वाळायचं आणि पुन्हा पुसायला हजर व्हायचं.

माझा जन्म सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात झाला. विणताना एका टॉवेलचा काठ तिरका गेला आणि तो विक्रीतून बाद ठरला. तिथं शिलाईकाम करणाऱ्या बसव्वा मावशींनी तो मागून घेतला, वाटी ठेवून पेन्सिलीनं गोल आखले आणि बारा चकत्या शिवल्या. त्यांच्या शेजारी बुद्धप्रियाताईंचं ब्युटी पार्लर आहे. तिथून रोज कापसाचा ढीग कचऱ्यात जाताना पाहून मावशींनीच आम्हाला ताईंच्या हाती दिलं.

काम सोपं होतं. ताई आधी बोटांनी खोबरेल तेल लावायच्या. मग मला कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर वीस आकडे होईपर्यंत ठेवायच्या. काजळ सैल झालं की वरून खाली अलगद टिपायचं, घासायचं नाही. "पापणीत कापूस तरी अडकत नाही," असं बायका म्हणायच्या, तेव्हा मला बरं वाटायचं.

गेल्या डिसेंबरात मावशींच्या लेकीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं. लग्नाच्या दोन दिवस आधी ती आईबरोबर मेकअपच्या ट्रायलला आली. जवळची मुलगी म्हणून ताईंनी आम्हाला आदल्या दिवशी कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रवात बुडवून ठेवलं होतं. आम्ही मऊ झालो, अंगाला गुलाबाचा वास आला. पण काहीतरी बिनसलं होतं. पाण्याचे थेंब माझ्या अंगावरून घरंगळून जात होते.

मेकअप छान झाला. घोटाळा झाला तो उतरवताना. तेल लावायला ताई त्या दिवशीही विसरल्या नव्हत्या, तरी मी काजळ टिपेना. नुसतं गालभर पसरवू लागले. ताई घाबरून घासू लागल्या. संस्कृतीचे डोळे चुरचुरले, गाल लालबुंद झाला.

"ताई, परवा लग्न हाय की! असं तोंड घेऊन मांडवात बसू काय?" तिला रडू फुटलं.

"चकत्याच जुन्या झाल्यात. टाकूनच देते," म्हणत ताईंनी आम्हाला कचऱ्याच्या डब्यावर धरलं.

"थांब गं!" मावशींनी मला हिसकावून घेतलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "अय्यो! मऊ करायचं औषध घातलंस काय ह्यात?"

"तुमच्याच पोरीसाठी घातलं, मावशी."

"लई शानी! टॉवेलच्या गावात जन्मलीस, आन् एवढं ठावं न्हाय? त्यानं सुतावर थर बसतोय. मग टॉवेल पाणी पीत न्हाय. आधी तिचं तोंड धू, हातानंच, हळू."

मग मावशींनी आम्हाला धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकलं. तीनदा पाणी बदललं. चौथ्यांदा मला बादलीत सोडलं, तेव्हा मी तरंगले नाही. भिजून थेट तळाशी गेले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

सकाळपर्यंत गालाची लाली उतरली. लग्न झालं. टेंभुर्णीला सासरी निघण्याआधी संस्कृती पार्लरात मेकअप उतरवायला बसली. ताईंनी तेल लावलं, मला तिच्या डोळ्यांवर ठेवलं आणि मोजायला लागल्या.

"घासू नगं हं," मावशी दारातून म्हणाल्या.

"कळलं हो, मावशी! बारा, तेरा..."

वीस झाले. मला उचललं तेव्हा सगळं काजळ माझ्या अंगावर होतं. मावशींनी लेकीची हनुवटी धरली. "आता दिसली माझी पोरगी," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या काजळाचा एक फिकट डाग माझ्यावर राहिला आहे. तो असू दे. मला सुगंध नको. गरम पाणी, साधा साबण आणि गच्चीवरचं ऊन द्या. जे कापड डोळ्यांना लावता, त्याला पाणी पिता येतंय ना, एवढं आधी बघत जा.