मोरीवरची ताडी

जिवंत होता तेव्हा माझा नवरा नविन सांगितलेल्या वेळेला कधी घरी आला नाही. मेल्यावर मात्र दर रविवारी ठरल्या जागी हजर! हे माझं नव्हे, माझ्या सासूचं म्हणणं. रानशेतहून झरीला नणंदेकडे, सरिताकडे निघालं की वाटेत एक चढ लागतो. चढ संपला की ओढ्यावरची मोरी, कठड्याचा लहानसा पूल, येते आणि त्या मोरीवर आमची पिकअप बंद पडते. दोन वर्षांपूर्वी तिथंच एका डंपरनं नविनच्या मोटारसायकलीला उडवलं होतं. पिकअपही त्याचीच, चिकूचे क्रेट वाहायला घेतलेली. आता ती मी चालवते.

बंद पडताना ती आचके देत नाही की धूर काढत नाही. बोलता बोलता कुणी गप्प व्हावं, तशी गप्प होते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी स्टिअरिंगला धरून बसूनच राहिले, खोटं कशाला बोलू. शुक्रीआये, म्हणजे सासू, खाली उतरली. मला बॉनेट उघडायला लावलं आणि जावयासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतलेली ताडीची बाटली इंजिनावर ओतली.

"घे रे बाबा. पी, न् जाव दे आमाला."

मी चावी फिरवली. गाडी लगेच चालू झाली. तेव्हापासून दर रविवारी एक बाटली जावयाची आणि एक नविनची.

गावच्या भगतानं, काकड्यानं, सांगून टाकलं की नविन मोरीवर अडकलाय. गाडी ज्या दिवशी न थांबता मोरी ओलांडेल त्या दिवशी तो सुटला. तोवर त्याला देव्हाऱ्यात वाडवडिलांच्या शेजारी बसवता येणार नाही. आयेनं हे मनाला लावून घेतलं. तिनं देव्हाऱ्यात जागा करून ठेवली होती, ती रिकामीच राहिली. ताटावर बसायची आणि दोन घासांत उठायची.

"माझा पोर रस्त्यावर उभा हाय, न् मी घरात जेवू?"

मला राग यायचा. आयेचा, काकड्याचा, सगळ्यात जास्त नविनचा. मी भुताखेतांना मानत नाही. पण रविवारसाठी म्हणून शनिवारी मी केस धुवायला लागले होते. रविवारी मोरीवर गाडी गप्प झाली की आये पुढे बाटली ओतायची आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून मनातल्या मनात त्याला आठवड्याचं सगळं सांगायचे.

मग एकदा भर दुपारी सुकट आणायला धाकट्या डहाणूला गेले आणि पिकअप मासळीबाजाराच्या तोंडाशी तशीच गप्प झाली. "इथं काय काम तुझं?" मी मोठ्यानं विचारलं. मासळी विकणारी बाई बघतच राहिली. नविनला सुक्या मासळीचा वास आला तरी उलटी व्हायची. तो इथं कशाला येतोय? मी पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावर मेल्यागत पडला होता. एरवी मोरीवर मी काट्याकडे कधी बघितलंच नव्हतं. माझं बघणं भलतीकडेच असायचं. सावलीत चहा पिऊन परत आले तेव्हा इंजिन निवलं होतं. गाडी पहिल्या चावीला चालू झाली. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

गॅरेजवाल्या जीवननं डिझेलचा फिल्टर बदलला होता, पंप बदलला होता, काही फरक पडला नव्हता. यावेळी मी त्याच्याकडे गेले नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, नविनची हत्यारांची पेटी अंगणात काढली, बॅटरीची वायर सोडली. नविन गाडीखाली शिरायचा तेव्हा टॉर्च धरायला मीच असायचे, त्यामुळे पाने तरी ओळखीचे होते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं बोटाएवढा क्रँक सेन्सर असतो. इंजिन फिरतंय एवढंच तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो. तो गप्प बसला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंय, आणि तो डिझेल तोडून त्याला खरोखरच थांबवतो.

त्याच्या वायरीची पिन सोडवली तर आत मुंग्या. ताडी वाळून पांढरी खपली धरली होती, त्याखाली पितळ हिरवं पडलं होतं. आये उंबऱ्यावरून बघत होती.

"गोडाला मुंग्या येतातच. सगळी प्यायला नाय वाटतं."

मी सेन्सर बाहेर काढला, नविनचा वीज तपासायचा मीटर लावला. थंड असताना आकडा दाखवत होता. मग माझा केस वाळवायचा ड्रायर त्याच्यावर धरला. आकडा थरथरला आणि गेला. वर ताडीचे चार थेंब टाकले, थोड्या वेळानं आकडा परत आला. मी पुन्हा तापवला, पुन्हा निववला. कितीतरी वेळ तेच करत बसले. चढावर तापायचा, ताडीनं निवायचा. जो उपाय होता तोच त्याला दर रविवारी आणखी कुजवत होता. मोरीवर कुणीच नव्हतं.

डहाणू रोडवरून नवा सेन्सर आणला, पिन घासून साफ केली, बसवला. आयेला संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. पण ती देव्हारा पुसत बसली होती. ती रिकामी जागा तिनं इतकी सांभाळून पुसली की मी न सांगताच चुलीकडे वळले.

रविवारी आयेनं नेहमीप्रमाणे दोन बाटल्या घेतल्या. चढ लागला, आयेनं मांडीवरची बाटली घट्ट धरली. मोरी आली. इंजिन चालूच राहिलं. मी वाट बघत होते, देवाशपथ, तरीही बघत होते.

"थांबला नाय," आये म्हणाली. मग ओरडलीच, "कविता, थांबला नाय गं! सुटला माझा पोर!" ती रडत होती आणि हसतही होती.

माझा पाय ब्रेकवर गेला होता. मला फक्त एकदा खाली उतरायचं होतं. त्या कठड्याला हात लावायचा होता. आयेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबू नको हां इथं. आता कवाच थांबू नको. परत अडकंल तो."

मी पाय उचलला.

आता नविन देव्हाऱ्यात आहे. आये पोटभर जेवते. काकड्यानं कोंबडा खाल्ला, तोही खूश. जुना सेन्सर मी पेटीत ठेवलाय. दर रविवारी मोरी आली की माझी नजर काट्यावर जाते. तो पडत नाही. शनिवारी मी अजून केस धुते.