माया न ठेवलेला कुर्ता

मी पिवळा, ठिपक्यांचा कुर्ता बोलतोय. कुर्ता म्हणजे अंगावर चढवायची वस्तू, पण ते माझ्या वाट्याला फारसं आलं नाही, त्यामुळे माझ्या बोलण्यात उत्साह शोधू नका. दीडएक वर्ष मी सावेडीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटातल्या शेवटच्या हँगरला होतो. बगलेजवळ दुकानाचं पुठ्ठ्याचं कार्ड तसंच लटकत होतं. शेजारी एक रेनकोट होता. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

माझा जन्म कुठल्या गावचा ते मला नीट ठाऊक नाही. मोठी पत्र्याची शेड होती आणि भयंकर उकडत होतं. कापडाचे थर एकावर एक रचले, वर कागदाचे नमुने मांडले आणि यंत्राचं पातं फिरलं. कटिंग मास्तर हुशार होता. नमुने असे चिकटून मांडायचा की मध्ये बोटभरही कापड वाया जायचं नाही. मालक त्याच्यावर खूश असायचा. माझ्या वाट्याचं काही कापड तिथेच गेलं, हे तेव्हा मला कळलं नाही.

मग नाव ठेवायची वेळ आली. माणसांत बारशाला आत्या नाव ठेवते, आमच्यात व्यापारी ठेवतो. एकाच थरातून निघालेले आम्ही सख्खे भाऊ, पण एक एका दुकानासाठी लार्ज झाला, दुसरा दुसऱ्या दुकानासाठी एक्सएल झाला. नगरच्या व्यापाऱ्यानं मोठ्या साईझचा माल मागवला होता, म्हणून माझ्या मानेशी ट्रिपल एक्सएल अशी चिठ्ठी शिवली. अंग होतं तेवढंच राहिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. नाव काय, कुणीही काहीही ठेवतं.

कापडबाजारातल्या एका दुकानात आम्हाला मापाच्या चढत्या क्रमानं टांगलं होतं. मी सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून. तिथून मला एक गोष्ट दिसायची. बारीक बाई आली की आधी रंग बघते, कापड बोटांत धरून बघते, नाक मुरडते. मोठ्या अंगाची बाई आली की सरळ शेवटाकडे येते आणि आधी मानेची चिठ्ठी उलटून बघते. रंग नंतर. तिला आवडीनिवडी नसतात असं नाही, पण जे होईल ते आवडून घ्यायची तिला सवय लागलेली असते.

राजनंदिनी आली ती अशीच. सावेडीच्या एका शाळेत ती गणित शिकवते. माहेर पुणतांब्याचं, आईवडील तिथे शेती करतात. धाकटी बहीण स्नेहल हिचं लग्न ठरलं होतं. थोरलीच्या आधी धाकटीचं ठरलं म्हणून लोकांना जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं आणि राजनंदिनीनं ते ऐकून घेतलं होतं. स्नेहलची एकच हौस होती. हळदीला नवरीसकट सगळ्या बहिणींनी एकसारखे पिवळे कुर्ते घालायचे आणि एक फोटो काढायचा. बाकीच्यांचे घेऊन झाले होते. राजनंदिनीचा तेवढा राहिला होता.

विक्रेती मुलगी स्नेहलला म्हणाली, "दीदी, तुम्हाला मीडियम बसला ना? आता काकूंना बघू."

"काकू नाही, माझी बहीण आहे," स्नेहल म्हणाली.

"सॉरी हं," असं म्हणत मुलीनं मला काढलं. "यात हाच शेवटचा साईझ. याच्या वर येत नाही. मोठ्या मापात खाली गाऊन आहेत."

राजनंदिनीचं वय तीस, पण एका मापाच्या पुढे गेलं की दुकानात काकूच म्हणतात, हे तिला बहुतेक ठाऊक होतं. चिठ्ठी बघून ती फक्त एवढंच म्हणाली, "स्नेहल, मागच्या दुकानात मी डबल होते, इथे ट्रिपल, मोबाईलवर बघितला तर फोर सांगत होते. सकाळपासून मी तीच आहे ना गं?"

ट्रायल रूममध्ये तिनं आरशाकडे पाठ केली. मला डोक्यावरून घेतलं. दंडापर्यंत गेलो, खांद्यापर्यंत गेलो आणि तिथेच अडकलो. खाली जाईना, वर येईना. तिचे दोन्ही हात वर आणि तोंड माझ्या आत. तिच्या श्वासाची ऊब माझ्या कापडाला लागत होती. रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, ती एकोणतीसचा पाढा म्हणत होती. पाढा म्हणता म्हणता ती एकेक हात सोडवत राहिली.

"झालं का गं ताई?" बाहेरून स्नेहलनं विचारलं.

"झालं."

"बसला?"

"बसला," राजनंदिनी म्हणाली. तेव्हा मी अजून तिच्या डोक्यावरच होतो.

का बोलली असेल? तिसरं दुकान होतं, ऊन होतं, धाकटी दमली होती. शिवाय तिच्या मनात एक आशा होती. दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिनं पुणतांब्याला आईला फोन केला. मालनबाईचा आवाज पिशवीतल्या मलाही ऐकू आला.

"रेडिमेड कशाला घेतला गं? शिवून घ्यायचा. म्हंजी आत माया ठिवता येती."

"यात असेल गं आई थोडी."

माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग वाढलं की शिलाई उसवायची आणि माया सोडायची. मालनबाईनं पोरींचे परकर, झंपर सगळे असेच वाढवत नेले होते. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आपल्या आत असं काही आहे का, हे मला माहीत नव्हतं.

भिंगारच्या बाजारात कल्याणमामांचं शिवणाचं दुकान आहे. त्यांनी मला उलटा केला आणि अंगठा शिलाईवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. एका बाजूला ब्लेडनं चारेक बोटं उसवूनही पाहिलं.

"माया न्हाई ह्याच्यात," ते म्हणाले. "शिलाईला लागूनच कापड कापून वव्हरलॉक मारलंय. सोडू काय?"

"काहीच नाही होणार का मामा?"

"असाच अजून एक आना. लहान साईझचा बी चालंल. त्यो फाडू आन् बगलेपासून खालपर्यंत पट्टी घालू. दुसरं कापड लावलं तर ठिपके जुळायचे न्हाईत, लगीच दिसंल."

ती पुन्हा कापडबाजारात गेली. ते डिझाइन संपलं होतं. कुणा बहिणीकडे मागता आला असता, पण मग सगळं सांगावं लागलं असतं. ती परत आली आणि म्हणाली, "राहू द्या मामा." मामांनी उसवलेली चार बोटं पुन्हा शिवून दिली. दोरा पिवळाच होता, पण माझ्यापेक्षा जरा गडद.

हळदीच्या दिवशी मी पुणतांब्यात होतो, आतल्या खोलीत, तिच्या बॅगेच्या तळाशी. अंगणात माझे सगळे भाऊ नाचत होते. "ताई, तू कुर्ता का नाही घातलास?" असं स्नेहलनं विचारलं तेव्हा राजनंदिनीनं उत्तर तयार ठेवलं होतं. "अगं, इस्त्री करताना जळला." तिनं जुना मोहरी रंगाचा पंजाबी ड्रेस घातला होता. फोटोसाठी सगळ्या ओळीनं उभ्या राहिल्या. तिलाही हाका मारल्या. "मी त्यात वेगळी दिसेन, ओळ बिघडेल. मी काढते ना फोटो," असं म्हणत तिनं मोबाईल हातात घेतला. तिनं फोटो फार छान काढले, सगळे तेच म्हणत होते.

एका फोटोत तिची सावली आली होती, दोन्ही हात वर करून मोबाईल धरलेली. अंगणातून सरकत ती स्नेहलच्या पायाशी पोचली होती. मालनबाईला तोच फोटो भिंतीवर हवा होता. फ्रेमवाल्यानं तो फ्रेमच्या साईझमध्ये बसवताना खालचा भाग कापून टाकला. राजनंदिनीनं फ्रेम भिंतीवर सरळ लावून दिली आणि चहा ठेवायला गेली. तिलाही काही वाटेनासं झालं असावं. माझं तर काय, मी बॅगेतून कपाटात आलो आणि लटकत राहिलो.

पुढे स्नेहलला मुलगी झाली. मुलीला घेऊन ती बहिणीकडे चार दिवस राहायला आली. एका दुपारी तिनं बॅगेतून आपला हळदीचा कुर्ता काढला आणि घालून बघितला. तो तिच्या दंडावरच थांबला.

"परवा दुकानात गेले होते," ती कुर्त्यातून डोकं काढत म्हणाली. "मला काकू म्हणाली गं ती पोरगी."

राजनंदिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती नुसती हसली.

"ताई, तुझा मोठा होता ना? जळलाय म्हणालीस, फार जळलाय का? एखादा डाग असला तर मी ओढणीनं झाकीन."

राजनंदिनी बाळाला घेऊन उठेपर्यंत स्नेहलनं कपाट उघडलं होतं आणि मला घेऊन ती आतल्या खोलीत गेली होती.

तिनं मला डोक्यावरून घेतलं. मी दंडावरून गेलो, खांद्यावरून गेलो, पाठीवरून खाली उतरलो आणि थांबलो. मी बसलो. कुणाच्या तरी अंगावर मी पहिल्यांदाच पुरता उतरलो होतो, आणि ते अंग स्नेहलचं होतं.

ती आरशासमोर उभी राहिली. जळल्याचा डाग तिनं पुढे शोधला, मागे शोधला. मग बगलेजवळचं पुठ्ठ्याचं कार्ड तिच्या हाताला लागलं. त्याच्याखाली चार बोटं गडद दोऱ्याची शिलाई लागली. तिनं मानेमागे हात नेऊन चिठ्ठी ओढली, वाचली, आणि पुन्हा आरशात स्वतःकडे बघितलं. जो कुर्ता आज तिला बरोबर होतो, तो त्या दिवशी ताईला कसा झाला असेल? एवढं समजायला गणित यावं लागत नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. माझ्या पुढच्या भागावर दोन ओले ठिपके पडले. कापडावरच्या ठिपक्यांत ते लगेच मिसळून गेले.

"झालं का गं?" बाहेरून राजनंदिनीनं विचारलं.

"झालं."

"बसला?"

स्नेहलनं मला अंगावरून उतरवलं आणि म्हणाली, "नाही. नाही बसला."

ती मला हातावर टाकून बाहेर आली. बहिणीकडे न बघता तिनं तिचा कुर्ताही उचलला आणि दोन्ही एका पिशवीत घातले. "चल, भिंगारला जाऊ. तुझे ते मामा आहेत ना."

"कशाला? तुझा मोठा करायला?"

"तू चल तर."

आता मी कल्याणमामांच्या टेबलावर आहे. शेजारी स्नेहलचा कुर्ता उताणा पडलाय आणि त्याच्यावर खडूच्या रेघा मारल्या आहेत. तो तिनं हळदीनंतर एकदाच धुतला होता, पोटापाशी हळद अजून आहे. पिवळ्यावर पिवळी, म्हणून दिसत नाही. मामांनी विचारलं होतं, "ह्यो चांगला हाय, ह्योच फाडू का?" राजनंदिनी नको म्हणत होती. स्नेहल म्हणाली, "माझाच फाडा. ताईचा मोठा करा."

"आता घालून मी कुठे जाणार आहे?" राजनंदिनी म्हणाली. "हळद होऊन गेली."

"बाळाला घेऊन फोटो काढायचा आहे. तू, मी आणि ती. फोटो मामा काढतील."

बाळ राजनंदिनीच्या खांद्यावर होतं, त्याच्या पाठीवरून ती हात फिरवत राहिली. मग तिनं चेहरा भिंतीकडे वळवला. तिथे कॅलेंडर होतं, पण ती ते वाचत नव्हती.

मला बोलायला आता थोडाच वेळ आहे. तुम्ही जे कापता, शिवता, विकता, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की नाव हवं ते ठेवा, पण ते अंगाला धरून ठेवा. आणि बोटभर कापड आत राहू द्या. ते कुणाला दिसत नाही. पण पडद्याआड दोन्ही हात वर करून कुणीतरी पाढे म्हणत उभं असतं, तिला ते लागतं.

मामांनी ब्लेड घेतलं आणि माझी बगल उसवली. दुखेल असं वाटलं होतं. दुखलं, आणि इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं म्हणून बरंही वाटलं. मानेची चिठ्ठी त्यांनी आधीच काढून खाली टाकली होती. मग कात्री उचलून त्यांनी दोघींकडे बघितलं.

"पट्टी घालतो. पन आत माया किती ठिवू?"

"कापडात असेल तेवढी सगळी ठेवा," स्नेहल म्हणाली.