चावलेलं कासव

आमच्या घरात एक कासव होतं, दोन तोंडांचं. एक तोंड जेवायचं आणि दुसरं तक्रार करायचं. फ्रिज उघडून दूध प्यायचं आणि आळ यायचा माझ्या सुनेवर. आता तुम्ही म्हणाल, म्हातारी थापा मारतेय. मारतेच. पण कासव होतं हे खरं. फक्त ते तळहाताएवढ्या कार्डावर छापलेलं होतं.

तेव्हा बिस्किटांच्या पुड्यातून अशी कार्डं निघायची. जमवायला सुरुवात केली माझ्या थोरल्या मुलाने. धाकटा सामील झाला तो दात येत असताना, कासवाचा कोपरा चावून. कार्ड दुर्मीळ होतंच, त्या दातांमुळे जगात एकुलतं एक झालं. पुढे दोघांनी मिळून पत्र्याचा डबा भरला. धाकट्याचा स्वभाव असा, की माझी एक थाप त्याने खपवून घेतली नाही. मी कासवाची गोष्ट रंगात आणली, की हा घास हातात धरून म्हणायचा, "आई, कासवं दूध पीत नाहीत."

थोरल्याची नोकरी गेली, तेव्हा त्याने डबा विकला. ऑनलाइन, एकेक कार्ड, धाकट्याला न विचारता. त्या पैशांवरच मागच्या खोलीत ॲपवरचं कार्डांचं दुकान उभं राहिलं: फळ्या, प्लास्टिकची पाकिटं, चिकटपट्ट्या, पार्सलं तोलायचा काटा. धाकटा सुट्टीवर घरी आला आणि त्याने डबा उघडला. तळाशी एकटं कासव उरलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "कासव तरी ठेवलंस," एवढंच म्हणाला आणि बॅग उचलून गेला. नंतर त्याचा फोन लागेना. ज्या पत्त्यावर तो राहायचा, तिथे दुसरंच कुणी राहायला आलं होतं.

कार्डवाल्यांची एक रीत असते. विकायचं नसलेलं कार्डसुद्धा दुकानात मांडायचं, पण किंमत अशी लावायची की बघणाऱ्याला घाम फुटावा. बाकीचे हे मिरवायला करतात. थोरल्याने कासव मांडलं ते भावासाठी. तो कुठेही असला आणि एखाद दिवशी त्याने कासव शोधलं, तर चावलेला कोपरा त्याला दिसावा. खालचं वर्णन मी सांगितलं: दोन तोंडं, फ्रिज, दूध, सगळं. थोरला म्हणाला, दुकानात असलं लिहीत नाहीत. मी म्हटलं, तू टाइप कर. धाकट्याने ते वाचावं आणि एक ओळ लिहावी, कासवं दूध पीत नाहीत. मला बाकी काही नको होतं.

मग एक दिवस कासव विकलं गेलं. त्या अचाट किमतीला.

थोरला मोबाइलच्या पडद्याकडे बघत बसला. घेणाऱ्याचं नाव अनोळखी होतं, गाव लांबचं. पण चावलेल्या कार्डाला एवढे पैसे दुसरं कोण मोजणार? सून रडायलाच लागली. मी शेजारणींना सांगून आले, की धाकटा आता जहाजावर कप्तान आहे आणि टोपीला सोन्याची किनार आहे. थोरल्याने कार्ड असं गुंडाळलं, जसं न्हालेलं बाळ गुंडाळतात. पार्सलमध्ये मी लोकरीचे मोजे घातले. पाय गार पडायचे त्याचे, लहानपणापासून.

त्यानंतर निरोप आला. थोरल्याने वाचून दाखवला: वर्णनात लिहिलंय ते खोटं आहे.

मी टाळीच वाजवली. तोच तो. माझी थाप पकडणारा दुसरा कोण आहे?

थोरल्याने पुढचं वाचलं: वस्तू परत करतोय, पैसे परत द्या. ॲपवाल्यांनी वर्णन वाचलं, दूध पिणारं कासव वाचलं आणि त्या माणसाची बाजू घेतली.

परत आलेल्या पार्सलमध्ये कासव होतं. रंग ताजे, चारही कोपरे धड. दातांची खूण कुठेच नव्हती. हे घरी छापलेलं, नकली. खरं त्या ठकाने ठेवून घेतलं. पैसे परत मिळणारच होते, मग त्याला किमतीचं काय? थोरल्याने तक्रार केली, फोटो पाठवले, पण सगळीकडून एकच छापील उत्तर आलं. मोजेही आले नाहीत. चोराचेही पाय गार पडत असतील.

थोरला ते नकली कार्ड फाडायला निघाला. मी त्याचा हात धरला.

"हेच मांड दुकानात," मी म्हटलं. "आणि खाली लिही, कासव अस्सल आहे आणि लहानपणी ते थोरल्या भावाने चावलं होतं."

"आई, कोपरा धड दिसतोय. लोक मला भामटा म्हणतील."

"म्हणू देत."

"दुकानाचं नाव जाईल अगं."

"दुकान कशावर उभं आहे?"

मला वाटलं, त्याला जास्तच लागलं. मग त्याने कार्डाचा फोटो काढला. विचारल्याशिवाय कुणाला घेता येणार नाही, अशी सोय केली आणि मी सांगितलं तसं अक्षरन् अक्षर टाइप केलं.

आता रोज निरोप येतात. ॲपवर दुकानाच्या नावापुढचे तारे गळताहेत, गिऱ्हाईकं तुटली. सून माझ्याशी मोजकंच बोलते. सकाळी चहा घेऊन मी मागच्या खोलीत जाऊन बसते आणि थोरला वाचून दाखवतो. कुणी लिहितं, हे नकली आहे. कुणी लिहितं, लाज वाटत नाही का.

"आई म्हटलंय का त्यात?" मी विचारते.

"नाही."

"मग पुढचा वाच."