कर्नल थ्रस्टन यांचं कुलीन मत

कर्नल ओबडाया थ्रस्टन यांच्या उजव्या मांडीत लढाईची जखम होती. वकिली करताना ती कधी ठणकली नाही. निवडणूक आली की मात्र ठणके. व्हर्जिनियाच्या विधानसभेची जागा त्यांना हवी होती. इतकी, की झोपेतसुद्धा ते "सन्माननीय सभासदहो" म्हणून ताडकन उठत, आणि त्यांची बायको कझाया कूस बदलून म्हणे, "बसा खाली."

मतदानाच्या सकाळी तिनं बजावलं, "अहो, सगळ्यांचं झालं की स्वतःला मत द्या आणि घरी या."

"स्वतःला?" कर्नल कोटाची पितळी बटणं लावत होते. "ते गिरणीवाल्यांचे धंदे. कुलीन माणूस प्रतिस्पर्ध्याला मत देतो, प्रतिस्पर्धी त्याला देतो. फिटंफाट."

प्रतिस्पर्धी गिरणीवालाच होता. जोसाया मीचम. कोटावर पीठ, तोंडाला कुलूप.

कोर्टाच्या अंगणात टेबल मांडलं होतं. मधे शेरीफ वही घेऊन, दोन्ही अंगांना उमेदवारांच्या खुर्च्या. मतदारानं पुढे यायचं, ज्याला मत त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि त्या उमेदवारानं उठून त्याचे आभार मानायचे. मीचम दर वेळी उठत होता. कर्नलांची खुर्ची मात्र सकाळपासून रिकामीच. ते आपल्या रमच्या पिंपापाशी, भाजत्या डुकराच्या धुरात, माणसांच्या गराड्यात लढाई सांगत होते. मागून कुणी त्यांचं नाव पुकारलं की मान न वळवता हात हलवत, "उपकार झाले, मित्रा, जन्मभर विसरणार नाही," आणि पुन्हा लढाईत उडी घेत.

त्यांचीच रम पिऊन माणसं त्यांनाच गाणं ऐकवत होती:

"कर्नल लढला, झाडावर चढला,
गोळी नाही लागली, फांदीनं पाडला."

"गाण्यात नाव कुणाचं आहे? माझंच ना?" म्हणत कर्नलांनी आणखी प्याले भरायला सांगितले.

ऊन कलंडलं. शेरीफनं वहीतून डोकं वर काढलं. "दोघांना अठ्ठ्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. कर्नलसाहेब, आता तुमचं तेवढं राहिलंय."

कर्नल लंगडत पुढे आले. छातीवर हात ठेवून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं मत मिस्टर जोसाया मीचम यांना."

टाळ्या पडल्या. मीचमनं उठून टोपी काढली. "उपकार झाले, कर्नलसाहेब." आणि तो बसला.

कर्नल वाट बघत उभे राहिले. "मिस्टर मीचम, आता तुम्ही."

"माझं सकाळीच झालं," मीचम म्हणाला. "पहिलंच मत. तुम्हालाच दिलं. म्हटलं, मोठ्या माणसांची रीत आहे, मोडू नये."

"मी कसं ऐकलं नाही?"

शेरीफनं पहिलं पान उलटलं. "आभार मानलेत की तुम्ही. जन्मभर विसरणार नाही म्हणालात."

पिंपापाशी कुणीतरी पुन्हा गाणं धरलं. शेवटी आता फांदी नव्हती. "मतानं पाडला" असं म्हणत होते, आणि ते चालीत जास्त चपखल बसत होतं.

कझाया घराच्या फाटकातच उभी होती. "काय झालं?"

"एका मतानं गेलं."

"कुणाच्या?"

कर्नल लंगडत पायऱ्या चढू लागले. ती बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, तो पाय नव्हे. उजवा."