पुलाचा उतार

पुलाच्या ओल्या उतारावर थोरल्या बहिणीच्या हातून गाडी घसरली. स्टिअरिंग हातात होतं, पण गाडी ऐकेना. चाकं पाण्यावर तरंगत कठड्याकडे निघाली.

"ब्रेक नको, ताई! अॅक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर!" शेजारी बसलेली धाकटी बहीण ओरडली.

कठडा अंगावर येत होता. तरी जीव मुठीत धरून थोरलीने नुसता पाय उचलला. वेग उतरला, टायरांनी रस्ता धरला, मग तिने हळूच गाडी वळवली. कठडा हातभर लांब राहिला.

गॅरेजात मेकॅनिकने टायरवरून बोट फिरवलं. "खाचा पार झिजल्यात. पाणी निघणार कुठून?"

नवे टायर बसले. तरी परतताना पुलाआधीच थोरलीने गाडी कडेला घेतली.

"तू चालव गं," ती म्हणाली. दार उघडून ती खाली उतरली.