निकोलेटाच्या हातचं सूप

जून लागला की वाहिनीवाले सुट्टीवर जातात आणि फडताळातल्या जुन्या मालिका बाहेर निघतात. नवं काही बघायचं तर सप्टेंबर उजाडावा लागतो. यंदा रविवारच्या पेपरानं ‘उन्हाळ्यात आवर्जून बघा’ म्हणून यादी छापली आणि तिच्यात पहिला मान दिला निकोलेटाच्या मालिकेला. झालं, मेल्पोचा उन्हाळा नासला.

कारण निकोलेटा म्हणजे मेल्पोच. मालिकेत ती सासूला गोड बोलून थेंब थेंब विष पाजणारी सून झाली होती. काम इतकं झकास वठवलं की पुढं तिला कुणी दुसरं कामच दिलं नाही. शेवटी ती याकूमीशी लग्न करून या बेटावर आली. हिवाळाभर बायका तिच्याशी नीट वागतात. मालिका सुरू झाली, की बेकरीवाली पाव तिच्या हातात न देता फळीवर ठेवते.

त्यात ईस्टरनंतर सासूबाई, असिमीना, अंगणात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण म्हातारी काही उठेना. याकूमीची बंदरावर खानावळ. पर्यटकांच्या दिवसांत तो घरी फक्त झोपायला येतो. उरल्या दोघी, एका खोलीत. बाहेर वारा असा की खिडक्यांच्या फळ्या दिवसभर लावलेल्या. त्याच वाऱ्यानं अँटेना वाकडा केलेला, त्यामुळं टीव्हीवर एकच वाहिनी दिसायची आणि तिच्यावर रोज संध्याकाळी निकोलेटा.

अशात अथेन्सहून फोन आला. एका नाटकात बोटीची तिकिटं विकणाऱ्या बाईचं काम होतं, मोठं आणि साधं, विषबिष काही नाही. पण सोमवारी तालमीला हजर हवं, नाहीतर दुसरी बाई तयार होती. आनंदाच्या भरात मेल्पोला त्या रात्री झोपच आली नाही. सासूबाई काठीच्या आधारानं नुसत्या संडासापर्यंत जाऊ लागल्या, तरी पुढचं बघायला शेजारची फ्रोसो तयार होती. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं, की पोटात अन्न गेलं तर पायात बळ येईल.

आणि फोन आल्यापासून म्हातारीनं तोंडच मिटून घेतलं होतं.

शनिवारी मालिकेचा भाग संपला तशी मेल्पो सूप घेऊन आली. कोंबडीचं, अंडं-लिंबू घातलेलं. फ्रोसो खुर्चीत भेंडी निवडत बसली होती.

“आधी तू खा,” सासूबाई म्हणाल्या.

मेल्पोनं एक चमचा खाल्ला.

“निकोलेटापण खायची आधी. उतारा घेतलेला असायचा तिनं.”

“अहो आई, ते लेखकानं लिहिलं होतं. मी नाही.”

“चेहरा तर तुझाच होता.”

“असिमीना काकू, खा की गं,” फ्रोसो म्हणाली. “शेवटी पकडली जाते ती. दरवर्षी पकडतात.”

“तोवर सासू मेलेली असते, फ्रोसो.”

फ्रोसो हसत हसत भेंडीची परात घेऊन घरी गेली. मेल्पोला मात्र हसू येईना. उद्या सकाळची बोट चुकली की संपलं. पुन्हा हीच खोली, हीच बंद खिडकी आणि संध्याकाळी समोर स्वतःचंच तरुण, नासकं तोंड. तिला वाडगा भिंतीवर फेकावासा वाटला.

“का छळताय मला?” तिनं विचारलं. “यात विष नाही हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे की. येडी नाही मी.”

“मग?”

म्हातारीनं पांघरुणाची किनार चिमटीत धरली. “खाल्लं तर उभी राहीन. उभी राहिले तर तू बोट धरशील. माझा नवरा बोटीनंच गेला, थोरला बोटीनंच गेला. दोघंही महिनाभरात येतो म्हणाले होते. या घरात मी भिंतींशी बोलत कितीतरी वर्षं काढली. आता तू आहेस. शिव्या देतेस मनातल्या मनात, पण आहेस.”

मेल्पोला म्हातारीची दया आली, आणि त्याच वेळी तिचा भयंकर रागही आला. मग ती खाटेच्या कडेला टेकली, सासूबाईंच्या केसांवरून हात फिरवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “मी कुठंही जात नाही, आई. त्यांना नाही म्हणून कळवलंय मी.”

कुणालाही काहीही कळवलेलं नव्हतं. बॅग फ्रोसोकडं भरून ठेवलेली होती.

असिमीना तिच्या तोंडाकडं बघत राहिली. हे तोंड तिनं उन्हाळ्यामागून उन्हाळे पाहिलं होतं, जवळून, रोज संध्याकाळी. ते खोटं बोलताना कसं दिसतं, हे तिच्याइतकं साऱ्या बेटावर कुणाला ठाऊक नव्हतं.

तिनं तोंड उघडलं. एक चमचा, मग दुसरा. वाडग्याचा तळ दिसेपर्यंत ती गुमान खात राहिली.

“छान बोललीस,” तोंड पुसत ती म्हणाली. “टीव्हीत बोलतेस त्यापेक्षा छान. आता मला धरून उठव. दारापर्यंत जमतंय का बघू.”

मेल्पोला जागेवरून हलता येईना.